रुईची माळ

दिवाकर वैरागड्यांचं एक ठाम मत होतं. झाड कोणाचंही असो, फूल देवाचं. या मताच्या जोरावर त्यांनी रायपूरच्या गुढियारी वस्तीतल्या निम्म्या कुंपणांवरची जास्वंद, कण्हेर आणि तगर वर्षानुवर्षं खुडली होती. लोकांनी आधी गोडीनं सांगून पाहिलं, मग कुंपणं उंच केली, एका बाईंनी तर तेवढ्यासाठी कुत्रा पाळला. दिवाकररावांनी त्या कुत्र्याला बिस्किटं घालून आपलंसं केलं. पहाटे हातात कापडी पिशवी घेऊन निघायचं आणि ती भरल्याशिवाय परतायचं नाही, हा त्यांचा नेम मालगाडीच्या गार्डाची नोकरी संपल्यावर आणखीच पक्का झाला होता.

फुलांचं एक वेळ भागायचं. अडचण होती ती रुईची. दर शनिवारी पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची, हे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. आणि रुई काही कोणी अंगणात लावत नाही. ती उकिरड्यावर येते, रुळांच्या कडेला येते, पडीक जागेत माजते. रायपुरात आता पडीक म्हणावी अशी जागाच उरली नव्हती. नाल्याच्या काठी चार झुडपं होती, तिथं सिमेंटची भिंत उभी राहिली. तेव्हापासून दिवाकररावांचा शुक्रवार काळजीत जाई.

पण त्या आठवड्यात घरात रुईपेक्षा मोठी काळजी होती. तुळशीचं लग्न पार पडलं होतं आणि त्यांच्या शिशिरचं अजून व्हायचं होतं. शिशिर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनियर. कामाला वाघ, स्वभावानं गाय, पण चारचौघांत बसवला की तोंडाला कुलूप. मागची दोन स्थळं हातची गेली. एक शिशिरच्या न बोलण्यानं गेलं आणि दुसरं दिवाकररावांच्या बोलण्यानं. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं होतं, मुलाला काही सवयी वगैरे? त्यावर हे म्हणाले, "घोरते थोडा. पण मालगाडीइतका नाई." त्यांना वाटलं, लोक हसतील. कोणी हसलं नाही.

आता तिसरं स्थळ आलं होतं, क्षमाचं. तिच्या वडिलांची, नीलकंठरावांची, वकिली चांगली चालायची. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. चाळीस वर्षं इथं काढलेल्या वैरागड्यांना ते अजून "तुम्ही नागपूरकडचे" म्हणत, आणि दिवाकररावांना ते लागे. पण शिशिरच्या हातात क्षमाचा फोटो दिला तेव्हा त्यानं तो परत करायला वेळ लावला. आधीचे फोटो तो रेल्वेचं तिकीट तपासून द्यावं तसा लगेच परत करायचा. त्याच्या आईच्या, सुशीलाबाईंच्या, नजरेतून हे सुटलं नाही. पोराच्या मनात भरलेली ही पहिलीच मुलगी, ती या घरात यावी असं त्यांना आतड्यातून वाटत होतं. दिवाकररावांनाही वाटत होतंच.

"रविवारी मुलीकडे तुम्ही तोंड उघडाचं नाई," सुशीलाबाईंनी बजावलं. "पोहे खाचे, चहा प्याचा. कोणी काही विचारलं तर हव म्हणाचं."

"फक्त हव?"

"फक्त हव."

दिवाकररावांनी नुसतं हो म्हणायचं कबूल केलं. पण बोलायचं नाही असं ठरलं होतं, पाहायचं नाही असं कुठं ठरलं होतं? त्यांनी मनाशी विचार केला की मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली की सगळ्या सारख्याच दिसतात, खरी मुलगी पाहावी ती कामावर. आणि क्षमाचं काम तर पायी जाता येईल इतक्या जवळ होतं. ती राखडमध्ये होती.

राखड म्हणजे एका जुन्या राईस मिलची जागा. मिल बंद पडली, मालकांचे वारस भांडत बसले, आणि तिथं भुशाच्या काळ्या राखेचे ढीग, फुटक्या कौलांचा खच आणि माणसाच्या उंचीची बेशरमची झुडपं एवढंच उरलं. मग अख्ख्या वस्तीनं आपला कचरा तिथं नेऊन टाकला. काही वर्षांपूर्वी तो सगळा उपसून, झाडं लावून, पाणी अडवून तिथं नगरवन केलं. फाटकावर लांबलचक नाव होतं, पण लोक अजून राखडच म्हणत. वनस्पतिशास्त्र शिकलेली क्षमा तिथं येणाऱ्यांना हिंडवून झाडं-पाखरं दाखवायची.

शनिवारी पहाटे दिवाकरराव माकडटोपी घालून, वर मफलर गुंडाळून निघाले. थंडी इतकी नव्हती, पण ओळख लपायला हवी होती. सवयीनं हातात पिशवी होतीच.

फाटकातून आत गेले आणि दोन पावलांवर थांबले. ही जागा त्यांना पाठ होती. मिल चालू असताना तिच्या सायडिंगला त्यांची गाडी तासन्‌तास उभी राहायची. नंतर मिल बंद झाली तरी बाहेरच्या सिग्नलला गाडी अडकली की ते गार्डाच्या डब्यातून उतरत, नाकाला रुमाल लावत आणि शनिवार असेल तर इथूनच रुईची पानं तोडून नेत. आता त्या राखेच्या ढिगावर गवत डोलत होतं. गाड्या वजन करायच्या खड्ड्याचं तळं झालं होतं आणि त्यावर कमळाची पानं पसरली होती. पोती उतरवायच्या फलाटावर दोन म्हातारे ऊन खात बसले होते. चिमणी तेवढी जुनीच होती. तिच्या टोकावर घारीनं घर केलं होतं. दिवाकररावांना उगीचच भरून आलं. आपण निवृत्त झालो आणि ही जागा कामाला लागली, असं काहीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं.

क्षमा तळ्याकाठी दहा-बारा लोकांच्या घोळक्यात उभी होती. फोटोपेक्षा सावळी, फोटोपेक्षा बुटकी आणि फोटोपेक्षा कितीतरी छान. दिवाकरराव घोळक्याच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

"बाबूजी, आगे आ जाइए, पीछे से नहीं दिखेगा," ती म्हणाली, आणि त्यांना कळायच्या आत तिनं आपली दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली. पाण्यावर एक टिबुकली, इवलंसं पाणपाखरू, पोहत चालली होती आणि तिच्या पाठीवर पंखांत घुसून तिची पिल्लं बसली होती. काठ ओला होता, म्हणून क्षमानं दिवाकररावांचं कोपर धरून ठेवलं होतं. 'सुनेनं आधार दिला,' असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी स्वतःलाच दटावलं, अजून पोह्यांचा पत्ता नाही आणि सून कसली.

"पहले कभी आए हैं यहाँ?" तिनं विचारलं.

"बहुत बार. तब नाक दबा के आता था."

ती मोकळेपणानं हसली. बायकोनं बंदी घातलेल्या तोंडातून निघालेल्या वाक्याला कोणीतरी हसलं, याचं दिवाकररावांना इतकं अप्रूप वाटलं की त्यांचं ठरूनच गेलं. पोट्टी आपल्याच घरी आली पाहिजे.

घोळका पुढे सरकला. दिवाकररावांचे गुडघे काही त्या चालीचे नव्हते, ते मागे रेंगाळले. आणि वळणावर, जुन्या भिंतीच्या कडेला, त्यांना रुई दिसली. पोपटी-पांढुरक्या, जाडजूड पानांची, एकाला दुसरी खेटून. गेले कित्येक शनिवार त्यांनी अशी रुई पाहिली नव्हती. शेजारी पाटी होती, 'फूल-पत्ते न तोड़ें.' दिवाकररावांनी ती वाचली. ते नियम मोडणारे गृहस्थ नव्हते, आयुष्यभर त्यांनी हिरवा सिग्नल पाहिल्याशिवाय झेंडा दाखवला नव्हता. पण ही पाटी गुलाब-मोगऱ्यासाठी असणार. रुईला कोण राखतं? तिला कोणी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही, ती इथं या बागेआधीपासून होती, आणि याच भिंतीकडेनं त्यांनी ती ऐन तारुण्यात तोडली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, "जय बजरंग" म्हटलं आणि पिशवी भरली.

फाटकातून निघताना मागून क्षमाचा आवाज आला, "बाबूजी, फिर आइएगा." त्यांनी मफलर न काढताच हात हलवला. घरी येईपर्यंत त्यांना ते दोन शब्द पुरले.

अंघोळ करून त्यांनी माळ ओवली, मारुतीला घातली, आणि शिशिरसाठी जे मागायचं ते मागितलं. उरलेली पानं पिशवीतच राहिली होती. दुपारी त्यांनी पिशवी झटकली तर पानांबरोबर चार-पाच सुरवंट खाली पडले. काळे-पांढरे-पिवळे पट्टे, दोन्ही टोकांना काळी शिंगं. दिवाकररावांनी झाडू उचलला. आणि मग त्यांना आठवलं, राखडच्या फाटकावर एक चित्र होतं. नारिंगी पंखांचं फुलपाखरू आणि त्याच्या शेजारी हाच सुरवंट. खाली लिहिलं होतं की हा मदारच्या पानांशिवाय दुसरं काही खात नाही. मदार म्हणजे रुई.

त्यांनी झाडू परत कोपऱ्यात ठेवला. कोणीतरी त्या झुडपाला राखत होतं. ते कोण, हे त्यांना आता पक्कं कळलं होतं.

त्यांनी एक पातेलं घेतलं, त्यात उरलेली पानं आणि सुरवंट ठेवले, हवा लागावी म्हणून वर सुशीलाबाईंची दुधावरची जाळी ठेवली आणि पातेलं गच्चीच्या जिन्यात दडवलं. संध्याकाळी पाहिलं तर पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. एक सुरवंट तर जाळीवर चढून आतून उलटा लटकला होता. बाकीचे रिकाम्या तळाशी मान हलवत फिरत होते. दिवाकररावांनी मफलर गुंडाळला आणि ते राखडला गेले. फाटक बंद झालं होतं. नाल्याकडे गेले, तिथं सिमेंटच होतं. स्टेशनामागे गेले, तिथं वाहनतळ झाला होता. एवढ्या मोठ्या शहरात रुईचं एक पान नव्हतं.

एकाच ठिकाणी होती.

मारुतीच्या देवळात दिवे लागले होते. सकाळची माळ गळ्यात तशीच होती, जराशी मलूल. दिवाकररावांनी जन्मात देवाचं उचललं नव्हतं, देवासाठी दुसऱ्यांचं उचललं होतं. त्यांनी हात जोडले.

"मारुतीराया," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुले तर काय, पुढच्या शनिवारीही भेटन. त्याइले आत्ताच भूक लागली आहे. माह्या हातून चूक झाली, तू सांभाळून घे." आणि कानाला हात लावून त्यांनी माळ उतरवली. घरी येऊन एकेक पान दोऱ्यातून काढून, शेंदूर पुसून, धुऊन पातेल्यात घातलं. सुरवंट खाऊ लागले तेव्हा कुठं त्यांच्या घशाखाली जेवण उतरलं.

रविवारी सकाळी लवकर जाऊन सगळं जिथल्या तिथं सोडून यायचं, असा त्यांचा बेत होता. सुशीलाबाईंनी त्यांना दारातच पकडलं.

"आज कुठी जाऊन राहिले? आज घराबाहेर पाय टाकाचा नाई. आन माही दुधाची जाळी कुठी गेली?"

"असन इथंच."

शेवटी पातेलं दप्तरासारख्या मोठ्या पिशवीत बसलं आणि शिशिरच्या गाडीतून दिवाकररावांच्या पायाशी क्षमाच्या घरी गेलं. "त्यात काय आहे?" म्हणून सुशीलाबाईंनी विचारलं. "येताना सांगतो," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. रस्त्यात राखड लागलं तेव्हा ते फाटकाकडे मान वळवून पाहत राहिले, पण गाडी थांबवायला सांगायचा धीर झाला नाही.

नीलकंठरावांचा दिवाणखाना मोठा, नीटनेटका. चित्राताईंनी, म्हणजे क्षमाच्या आईंनी, पोहे आणले, वर खोबरं-कोथिंबीर, बाजूला चण्याची तर्री. क्षमा आली आणि बसली. तिचे डोळे सुजलेले होते. शिशिर पोह्यांच्या बशीकडे पाहत होता. नीलकंठराव हवापाण्याचं बोलले, दिवाकरराव तीन वेळा हव म्हणाले. मग सगळं थंडावलं.

"बरं वाटत नाई का तुले, बेटा?" सुशीलाबाईंनी न राहवून विचारलं.

"काही नाही काकू. कामाचं थोडं टेन्शन आहे."

"सुरवंटांसाठी रडून राहिली कालपासून," चित्राताईंनी सांगून टाकलं. "आता काय सांगाव."

"आई, सांगू दे न," क्षमा म्हणाली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. "काकू, आमच्याकडे मदारची झाडी आहे, रुई म्हणतो न आपण. पूर्ण कॅम्पसमध्ये एवढीच. मागच्या वर्षी सफाईवाल्यांनी उपटली होती, तर मी भांडून भांडून परत वाढवली. या वर्षी पहिल्यांदा त्याच्यावर फुलपाखरानं अंडी घातली. उद्या बीरगांवच्या शाळेतले बच्चे येणार होते, त्यांना मी प्रॉमिस केलं होतं. आणि काल कोणीतरी सगळी पानं नेली. देवालाच नेली असतील. देवाचं नाव घेतलं की सब माफ."

सुशीलाबाईंनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं. काल शनिवार होता. त्यांना रुई कळली, मफलर कळला, दुधाची जाळी कळली आणि पिशवीही कळली. त्यांनी साडीच्या निऱ्यांआडून पाय पुढे केला आणि दिवाकररावांच्या अंगठ्यावर ठेवून दाबला. त्या दाबण्यात तीसेक वर्षांचा संसार होता आणि एकच विनवणी होती, आज नका बोलू.

दिवाकररावांनी शिशिरकडे पाहिलं. पोरगं पहिल्यांदाच मान वर करून मुलीकडे पाहत होतं. गप्प बसलं तर काहीच बिघडणार नव्हतं. पोहे संपतील, चहा होईल, येताना पातेलं गुपचूप फाटकाशी ठेवता येईल. पण मग उद्या ही मुलगी घरात येईल, त्यांना बाबा म्हणेल, आणि दर शनिवारी ते तिच्यासमोरून माळ घेऊन जातील. ते त्यांना जमलं नसतं.

"मीच नेली," ते म्हणाले.

अंगठ्यावरचा पाय निघाला.

"मीच नेली, बेटा. देवालेच. पाटी होती, मी वाचली. मले वाटलं, रुईले कोण राखते? मी तुले पाहाले आलो होतो, काल. माकडटोपीत." त्यांनी पिशवीतून पातेलं काढून टीपॉयवर ठेवलं. "आहेत सगळे. जिते आहेत. मारुतीच्या गळ्यातली माळ काढून खाऊ घातली त्याइले. यात शिशिरचा काही कसूर नाई. त्याले माहीतच नव्हतं. मले जे बोलाचं ते बोल, पण त्याच्यावर नको काढू."

क्षमा हसली नाही, रागावलीही नाही. ती गुडघे टेकून पातेल्याजवळ बसली आणि तिनं जाळी अलगद उचलली. सुरवंट गुबगुबीत झाले होते. मग तिनं जाळी उलटी करून पाहिली. रात्री लटकलेल्या सुरवंटाच्या जागी एक कोष होता, बोराएवढा, फिकट हिरवा, आणि त्याच्या कडेनं सोन्याचे ठिपके. खरंखुरं सोनं जडवावं तसे.

"ये उल्टा क्यों लटकता है?"

प्रश्न शिशिरनं विचारला होता. आजवरच्या कुठल्याही पोह्यांना त्यानं स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. तो केव्हा उठून तिच्या शेजारी बसला, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. क्षमा त्याला सांगू लागली, आणि तो आणखी विचारू लागला, पकड कशी बसते, धागा कशाचा, वजन कसं पेलतं. इंजिनियरच तो. नीलकंठरावांनी दिवाकररावांच्या बशीत आणखी पोहे वाढले आणि म्हणाले, "घ्या वैरागडे. अजून थंड नाई झाले."

बाकीच्यांना आजच झुडपावर सोडायला हवं होतं. त्यामुळे मुला-मुलीनं गच्चीत जाऊन बोलायची ती दहा मिनिटं राखडमध्ये पार पडली. दोघं भिंतीकडेला रुईशी वाकून एकेक सुरवंट नव्या पानांवर ठेवत होती आणि चारही आईबाप जुन्या माल-फलाटावर ऊन खात बसले होते. रुई ओरबाडलेली होती, पण शेंड्यांना कोंब होते. दिवाकरराव तिच्याकडे बघत नव्हते. ते आपल्या हाताकडे बघत होते. सुशीलाबाईंनी तो हात आपल्या हातात घेतला, सगळ्यांच्या देखत.

"मारुतीची माळ काढली?" त्यांनी विचारलं.

"हव."

"बरं केलं."

क्षमा जाळी दोन्ही हातांत धरून फलाटाशी आली. मागोमाग शिशिर रिकामं पातेलं घेऊन.

"काका, बाकीचे सोडले. पण हा कोष आता हलवायचा नाही. इथं ठेवला तर मुंग्या खातील. फुलपाखरू निघायला दहा-पंधरा दिवस लागतील, थंडी आहे न. ही जाळी तुमच्याच घरी टांगून ठेवा, सावलीत." ती जरा थांबली. शिशिर पातेल्यात काहीतरी शोधत होता. "मी रोज संध्याकाळी येऊन पाहत जाईन. चालेल न?"

"दूध मी ताटानं झाकत जाईन," सुशीलाबाई घाईनं म्हणाल्या.

दिवाकररावांच्या मनात बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि बायकोनं ठरवून दिलेला तेवढाच शब्द उच्चारला.

"हव."